टाकीवरची पाटी

"तू नक्की विकतोस तरी काय?" भारतात गेलो की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. पूर्वी मी "जुन्या जाहिरातींच्या पाट्या" असं सरळ उत्तर द्यायचो. त्यावर समोरचा माणूस दोन सेकंद थांबून "म्हणजे भंगार?" असं म्हणायचा. हल्ली मीच "भंगार" म्हणून मोकळा होतो. वेळ वाचतो :-)

तर मंडळी, पोटापाण्यासाठी मी दुसरंच काहीतरी करतो, आणि ते अत्यंत कंटाळवाणं असल्यामुळे त्याबद्दल लिहिणार नाही. पण इथे पेनसिल्व्हेनियात आल्यापासून वर्षातले दहा-बारा शनिवार लिलावात जातात. इनॅमलच्या जुन्या पाट्या घेतो, दोन-तीन वर्षं गराजच्या भिंतीवर ठेवतो, आणि मग त्यातल्या काही विकून नवीन (म्हणजे जुन्याच) घेतो. बायको याला "पत्र्यांची भिशी" म्हणते. गेल्या वर्षी हा उद्योग थेट आमच्या गावच्या घरापर्यंत पोचला. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला.

आधी पाटीबद्दल थोडं. इनॅमल म्हणजे रंग नव्हे, काच. काचेची बारीक पूड लोखंडी पत्र्यावर पसरून भट्टीत साधारण ८०० अंश सेल्सियसला भाजायची, की ती वितळून पत्र्याला कायमची चिकटते. एकेक रंग वेगळा लावायचा आणि प्रत्येक रंगासाठी पुन्हा भाजायचं. म्हणून जुन्या पाटीवर डोळे मिटून बोट फिरवलं तर अक्षराची कड हाताला लागते, एका रंगाचा थर दुसऱ्यावर पायरीसारखा चढलेला असतो. काच असल्यामुळे उन्हापावसात रंग विटत नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ १८८९ मध्ये पेटंट इनॅमल कंपनीचा कारखाना निघाला, अमेरिकेत आमच्याच राज्यात बीव्हर फॉल्सला इन्ग्रॅम-रिचर्डसनचा १९०१ मध्ये. साबण, चहा, सायकली, टायर, रॉकेल... ज्याला ज्याला दुकानाच्या भिंतीवर आपलं नाव हवं होतं त्या सगळ्यांच्या पाट्या अशा कारखान्यांतून निघाल्या. मग दुसरं महायुद्ध आलं, लोखंडाची टंचाई झाली आणि दोन्ही देशांत ढिगांनी पाट्या वितळवल्या गेल्या. युद्धानंतर प्लॅस्टिकच्या, आत दिवे असलेल्या पाट्या स्वस्त पडायला लागल्या. उरलेल्या जुन्या पाट्यांनी शेतकऱ्यांच्या कोठारांची भोकं बुजवली, कोंबड्यांच्या खुराड्यांची छपरं झाली.

आणि आता त्याच खुराड्याच्या छपरासाठी माणसं हात वर करतात. २०२२ साली इथे मस्गो नावाच्या, मिशिगनमधल्या एका विस्मृतीत गेलेल्या पेट्रोलच्या पाटीला १५ लाख डॉलर आले. १५ लाख! ते वाचून आमच्या एका मित्राने मला फोन करून "तुझ्याकडे ती नव्हती ना रे?" असं कळवळून विचारलं. नव्हती. माझा व्यवहार त्यातली तीन-चार शून्यं काढल्यावर जे उरतं त्या पातळीवर चालतो.

लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. पण ती चीज आपल्याला मुळीच परकी नाही. देवळातल्या उत्सवात नारळाचा लिलाव होतो, कोल्हापुरात गुळाचे सौदे होतात, भिशीची बोली लागते. "एक वार... दोन वार..." च्या जागी इथे पुकारणारा एका दमात असं काही गातो की पहिल्या दिवशी मला एक अक्षरही कळलं नव्हतं. नंतर कळलं की त्यात कळण्यासारखं फारसं नसतंच. दोन आकडे असतात, एक लागलेली बोली आणि दुसरी त्याला हवी असलेली. मधलं सगळं भरताड.

खरं काम आदल्या दिवशी असतं, पाट्या हातात घेऊन बघण्याचं. पाटीला दहापैकी गुण देतात, पुढच्या बाजूला वेगळे आणि मागच्या बाजूला वेगळे. साडेनऊची पाटी आणि सातची पाटी यांच्या किमतीत सहज दुप्पट-तिप्पट फरक पडतो. मी आधी भोकं बघतो. खऱ्या पाटीची काच स्क्रूच्या भोकाभोवती उडालेली असते, कारण कुणीतरी कधीतरी तो स्क्रू जरा जास्तच आवळलेला असतो. उघड्या पडलेल्या लोखंडावरचा गंज काळपट चॉकलेटी हवा. केशरी, ताजा गंज दिसला की शंका घ्यायची. नकली पाटीवर टवके अगदी छान, सगळीकडे सारखे वाटून दिल्यासारखे असतात. नंतर रंग भरून डागडुजी केली असेल तर अतिनील दिव्याखाली तेवढाच भाग वेगळा चमकतो.

आता एक गंमत. नकली पाट्यांचा मोठा भाग आपल्या भारतातूनच येतो. त्यामुळे लिलावात माझ्या तोंडाकडे बघून एखादे आजोबा हमखास पाटी पुढे करतात आणि विचारतात, "ही तुमच्याकडची का हो?" जणू काही गावातल्या प्रत्येक भट्टीवर माझा चुलत भाऊ बसलाय. पहिल्यांदा राग यायचा. आता मी पाटी उलटी करून, भोकं बघून, गंभीर चेहऱ्याने निकाल देतो. गेल्या दोन वर्षांत आजोबा लोक मला जेवणाच्या रांगेत पुढे सोडायला लागलेत.

पैशाचं गणितही सांगतो, कारण नातेवाइकांचा यावर भलताच गैरसमज आहे. समजा एका पाटीवर हातोडा १००० डॉलरला पडला. घेणाऱ्याला त्यावर लिलाववाल्यांचा अधिभार द्यावा लागतो. तो २० टक्के धरू. झाले १२००. त्यावर ६ टक्के विक्रीकर, झाले १२७२. पाटी ज्याची होती त्याच्या १००० मधून समजा १५ टक्के दलाली कापली, म्हणजे त्याच्या हातात ८५०. एकच पाटी, एकच मिनिट, आणि एकाला ती १२७२ ला पडली, दुसऱ्याला तिचे ८५० मिळाले. मला तीच पाटी पुढच्या वर्षी लिलावात विकून नुसती मुद्दल सोडवायची असेल तरी हातोडा १५०० च्या आसपास पडायला हवा. म्हणून ज्यांना वाटतं की "तिकडे याने पाट्यांवर घर बांधलं", त्यांनी गैरसमज दूर करावा. पाट्यांवर गराज बांधणंसुद्धा अवघड आहे.

शिवाय लिलावाचा एक जुना शाप आहे. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन तेल-अभियंत्यांनी १९७१ मध्ये तो कागदावर मांडला. समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांसाठी कंपन्या बोली लावायच्या. प्रत्येक कंपनीचा अंदाज थोडा इकडेतिकडे असायचा, आणि पट्टा मिळायचा तो ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकीच्या दिशेने फुगलेला असेल त्याला. म्हणजे जिंकलास याचाच अर्थ बहुतेक जास्त मोजलेस! तेलाच्या पट्ट्यांना जे लागू, तेच तेलाच्या पाट्यांना. म्हणून मी आकडा आदल्या रात्री हॉटेलात कागदावर लिहितो आणि सभागृहात गेल्यावर तो बदलत नाही.

पण तो कागद एकदा मी खिशातच ठेवला. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शेतकऱ्याच्या निधनानंतर त्याच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव होता. ट्रॅक्टर, हत्यारं, काचेच्या बरण्या, आणि कोठाराच्या दारावरची पशुखाद्याची एक पाटी. बोली लागायला लागली तेव्हा माझ्यासमोर एक पन्नाशीची बाई कार्ड वर करत होती. शेजारच्याने कानात सांगितलं, ती मुलगी. मी पुन्हा हात वर केला नाही, माझ्या ओळीतल्या आणखी दोघांनीही केला नाही. पण फोनवर एक गिऱ्हाईक होतं. त्याला कुठे दिसणार होतं समोर कोण बसलंय ते. आकडा चढत गेला आणि एका ठिकाणी तिने कार्ड मांडीवर ठेवलं.

घरी येताना गाडीत मी याचाच विचार करत होतो. पैसे शेवटी कुणाला मिळणार होते? तिला आणि तिच्या भावांना. पाटी तिला स्वस्तात मिळाली असती तर भावांचा वाटा कमी झाला असता. पाटी हरली म्हणून तिचा स्वतःचा वाटा वाढला. हिशोबाने तिचं काहीच वाईट झालं नव्हतं. तरी ती उठून बाहेर गेली ती शेवटपर्यंत परत आली नाही.

१९३०च्या मंदीत इथल्या शेतकऱ्यांनी लिलावाचं एक वेगळंच रूप दाखवलं होतं. बँकेने एखाद्याचं शेत, गुरं, अवजारं लिलावाला काढली की शेजारी जमायचे आणि नांगराला पाच सेंट, गाईला दहा सेंट असल्या बोल्या लावायचे. परका कुणी जास्त बोलायला लागला तर त्याच्याकडे असं बघितलं जायचं की तो गप्प बसायचा. काही ठिकाणी कोठारावर फासाचा दोरसुद्धा टांगून ठेवलेला असे. शेवटी सगळं सामान चार-पाच डॉलरांत विकत घेऊन मूळ मालकाला परत. याला पेनी ऑक्शन म्हणत. म्हणजे लिलावात किंमत ठरते ती वस्तूची खरी, पण समोर कोण बसलंय आणि कुणी गप्प राहायचं ठरवलंय यावरही ठरते.

आता गावाकडे येतो.

देवरुखच्या बाजूला आमच्या आजोबांचं दुकान होतं. किराणा आणि रॉकेल. (आजी शेवटपर्यंत घासलेट म्हणायची. रॉकेल म्हणजे 'रॉक ऑइल' आणि घासलेट म्हणजे 'गॅसलाइट', दोन्ही शब्द इंग्रजीतून आले आणि आमच्या घरात येऊन भांडत बसले.) दुकानाच्या कपाळावर बर्मा-शेलची पाटी होती, पिवळ्या शिंपल्याची. बर्मा-शेल भारतात १९२८ पासून, आणि १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, त्यातूनच पुढे भारत पेट्रोलियम झाली. म्हणजे पाटी या दोन सालांच्या मधली. आजोबा गेल्यावर दुकान बंद झालं आणि पाटी उतरवून काकूने मागच्या दारच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून टाकली. वाऱ्याने हलू नये म्हणून वर एक दगड. चाळीस वर्षं ती तिथे आहे.

गेल्या वर्षी एक माणूस दारात आला, म्हणाला जुनी भांडी-पत्रे घेतो. टाकी बघितली आणि पाटीचे पाचशे देतो म्हणाला. काकू नाही म्हणाली. आठवड्याने आला, दोन हजार. मग एका पांढऱ्या गाडीतून दुसऱ्याच एका गृहस्थांना घेऊन आला आणि आठ हजार. तेव्हा काकूने मला फोन लावला.

"अरे, त्या झाकणात आहे तरी काय एवढं?"

मी फोटो मागवले. पुढून, मागून, भोकांचे. पाटी खरीच होती. पण दगडाने शिंपल्याच्या बरोब्बर मध्ये मोठा टवका काढला होता आणि खालून ओल लागून एक कड गंजली होती. फार तर पाच गुण. तरी माझ्या अंदाजाने आठ हजारांच्या दुपटीहून जास्त यायला हरकत नव्हती.

तोवर घरात दोन पक्ष पडले होते. दादा म्हणत होता, "विकून टाक, आई. घराचं कौल बदलायचंय." ताई म्हणत होती, "अण्णांच्या दुकानाची तेवढी एकच वस्तू राहिलीय, मी पुण्याला नेते." त्यावर दादा म्हणाला, "मग तेवढे पैसे घाल." त्यावर ताई म्हणाली, "बापाच्या घरातली वस्तू मी विकत घेऊ?" आणि मग पाटी बाजूला राहून दहा वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा हक्कसोडपत्रापर्यंत गाडी गेली. दोघांनीही मला वेगवेगळे फोन केले आणि दोघांनीही एकच विचारलं. "तू यातला आहेस. खरी किंमत काय ती सांग."

मला त्या बाईची आठवण झाली. पण फोनवर ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच म्हटलं की खरी किंमत अशी पाटीच्या मागे लिहिलेली नसते. लिलावात पाटी सगळ्यात जास्त हौस असणाऱ्याला मिळते, पण किंमत ठरवतो दुसऱ्या नंबरचा. तो जिथे थांबला त्याच्या एक पायरी वर हातोडा पडतो. विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हे १९६१ मध्येच मांडलं होतं आणि १९९६ साली त्यांना नोबेलही मिळालं. दारात एकच गिऱ्हाईक उभं असेल तर तो लिलाव नव्हे. तिथे त्याच्या मर्जीला किंमत म्हणतात. म्हणून काकूला म्हटलं, "विकायचीच असेल तर आधी दुसरं गिऱ्हाईक उभं कर."

काकू थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दुसरं गिऱ्हाईक मीच की."

"म्हणजे?"

"मला झाकण लागतं ना रोज. तो नेईल, त्याचे पैसे हे दोघं वाटून घेतील. माझ्या टाकीत बेडूक पडले तर मी काय करू?"

मंडळी, इतक्या वर्षांत किमान किंमत म्हणजे काय हे मला कुठल्याही लिलाववाल्याने इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. सगळे जण पाटीवर बोलत होते. ती वस्तू रोज वापरणारं माणूस त्या हिशोबात कुणी धरलंच नव्हतं, आणि त्यात मीही होतोच.

मला स्वतःला ती पाटी हवी होती का? हवी होती. नेताही आली असती. आपल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, पण ज्या पाटीवरची कंपनीच १९२८ ची, ती त्या वेळी तरी त्यात बसत नव्हती. दादाला मी कौलांचे पैसे पाठवले असते, ताईला फोटो पाठवला असता, आणि पाटी माझ्या गराजमध्ये पशुखाद्याच्या आणि टायरच्या पाट्यांशेजारी लागली असती. पण मग मी फोनवरचं गिऱ्हाईक झालो असतो. समोर कोण बसलंय ते मला पुरतं माहीत होतं.

शेवटी ठरवलं ते काकूनेच. मे महिन्यात दोघांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की पाटी ताई नेईल. पांढऱ्या गाडीवाल्याने सांगितलेल्या आठ हजारांतले निम्मे ताई दादाला देईल. "विकत म्हणून नाही, कौलांना हातभार म्हणून." माझा दुपटीचा अंदाज तिला माहीत होता, तो तिने काढलाच नाही. "ती परदेशातली किंमत, इथे नको," एवढंच म्हणाली. आणि पाटी हलवण्याआधी देवरुखहून टाकीचं नवीन झाकण करून आणायचं, ते दादाने. दादा कुरकुरला, ताईही कुरकुरली. दोघंही सारखेच कुरकुरले म्हणजे वाटणी बरी झाली असावी. त्या रात्री जेवायला मात्र दोघं एका पंगतीला बसले, हे मला वहिनीने कळवलं. गेली काही वर्षं तसं झालेलं नव्हतं.

ज्या नातेवाइकांच्या माळ्यावर अशी एखादी पाटी असेल त्यांना चार गोष्टी सांगून ठेवतो. तारेच्या ब्रशने किंवा अ‍ॅसिडने घासू नका, साधं साबणाचं पाणी पुरे. टवक्यांवर रंग लावू नका, त्याने किंमत उतरते. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि दारात आलेल्या पहिल्या माणसाला त्याच दिवशी हो म्हणू नका. किती येतील हे मला विचारा, जरूर सांगेन. पण विकायची का, हे मला विचारू नका. घरात रोज तिला हात लावणारं जे माणूस असेल त्याला विचारा.

ताईकडे पाटी आता बैठकीच्या भिंतीवर आहे. टवका तसाच ठेवलाय, ते मी बजावून सांगितलं होतं. नवीन झाकणाबद्दल मात्र काकू खूश नाही. पत्रा हलका आहे म्हणते, वारा सुटला की वाजतो. म्हणून तिने त्याच्यावर तोच जुना दगड ठेवलाय.